दूरच्या सुरांचे ऋण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)

जगातील निरनिराळ्या लोकसमूहांचे पारंपरिक संगीत व नृत्य आणि त्यांचा आस्वाद हा विषय राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे जिवंत प्रश्न समोर असताना गाण्याबजावण्याची चर्चा म्हणजे पोट भरलेल्यांचा विरंगुळा, अशी एक समजूत चळवळीत फार जुनी आहे. दुसरी समजूत नेमकी उलट टोकाची आहे. कला ही कला असते, तिच्यात अर्थकारण आणि राजकारण आणले की रसभंग होतो, असे तिचे म्हणणे. या दोन्ही समजुती परस्परविरोधी दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. श्रम वेगळे आणि आनंद वेगळा, असे दोन्हींतही गृहीत धरलेले असते. वास्तविक जगातील बहुतेक लोकसंगीत व लोकनृत्य ज्यांनी निर्माण केले ते राबणारे लोक होते आणि त्यांच्या राबण्याचा ठसा त्या सुरांवर व त्या पदन्यासांवर उमटलेला आहे. तो ठसा ओळखता आला तर रसभंग होत नाही. रस अधिक दाट होतो. मात्र त्याबरोबर एक जबाबदारीही अंगावर येते.

ही जबाबदारी टाळणे आज फार सोपे झाले आहे. मोबाइलवर बोट फिरवले की जावा बेटातील गामेलान, पश्चिम आफ्रिकेतील कोरा, अँडीज पर्वतातील बासरी, स्पेनमधील फ्लामेंको हे सारे क्षणात हजर होते. पूर्वी राजेरजवाड्यांनाही जे वैभव लाभले नसते ते आज तालुक्याच्या गावी बसलेल्या विद्यार्थ्याला लाभते. ही गोष्ट वाईट नाही. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ऐकणाऱ्याला जे फुकट मिळते त्याची किंमत कोणी तरी, कोठे तरी चुकवलेली असते, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक धडा आहे. या संगीताची किंमत कोणी चुकवली, हे जावा, त्रिनिदाद आणि दक्षिण आफ्रिका या तीन ठिकाणच्या उदाहरणांवरून पाहता येईल.

चहाच्या मळ्यातील वादक

१८८९ साली पॅरिसमध्ये एक भव्य जागतिक प्रदर्शन भरले. फ्रेंच राज्यक्रांतीची ती शताब्दी होती आणि आयफेल मनोरा त्याच प्रदर्शनासाठी उभारण्यात आला. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा उद्घोष करणाऱ्या क्रांतीच्या स्मरणार्थ भरलेल्या या प्रदर्शनात वसाहतींतील माणसेही वस्तूंप्रमाणे मांडण्यात आली होती. त्यांत डचांच्या ताब्यातील जावा बेटाचे एक नमुन्याचे खेडे होते. बांबूच्या झोपड्या, त्यांत राहणारी सुमारे साठ माणसे आणि ती पाहण्यास लोटणारी युरोपीय गर्दी असे ते दृश्य होते. या खेड्यात नाचणाऱ्या चार तरुण मुली मध्य जावातील मांकुनेगारान राजवाड्यातून आणलेल्या होत्या. पण वादक आणले होते ते पश्चिम जावातील पाराकान सालाक नावाच्या चहाच्या मळ्यावरून. वाद्येही त्या मळ्याचीच होती.

या प्रेक्षकांत क्लोद देबुसी हा तरुण फ्रेंच संगीतकार होता. तो तेथे पुनःपुन्हा गेला. जावातील संगीताच्या गुंफणीपुढे पालेस्त्रीनासारख्या थोर युरोपीय रचनाकाराची गुंफण पोरखेळ वाटावी, अशा आशयाचे उद्गार त्याने पुढे १९१३ साली लिहून ठेवले. विसाव्या शतकातील युरोपीय संगीताने जे वळण घेतले त्यात या श्रवणाचा वाटा मोठा होता, असे मानले जाते. देबुसीने काय ऐकले याविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. ज्यांनी वाजवले ते मळ्यावर परत गेल्यानंतर कोणत्या मजुरीवर जगले, हा प्रश्न संगीताच्या इतिहासात क्वचितच विचारला जातो.

देबुसीचा आनंद मात्र खोटा नव्हता. गामेलान ही वस्तुतः विलक्षण रचना आहे. लहानमोठ्या कांस्य घंटा, धातूच्या पट्ट्यांची वाद्ये, ढोल, बासरी आणि काही ठिकाणी रबाब असा हा वाद्यसमूह. एका गामेलानमधील सर्व वाद्ये एकमेकांशी जुळवून घडवलेली असतात. सर्वांना समान असा ठरीव आधारस्वर नसल्यामुळे एका संचातील वाद्य उचलून दुसऱ्या संचात बसवता येत नाही. गामेलान हे जणू एक कुटुंबच असते. पाच स्वरांची स्लेन्द्रो आणि सात स्वरांची पेलॉग अशा त्याच्या दोन स्वरव्यवस्था आहेत. काही वादक मूळ धून संथपणे वाजवतात, काही तीच धून दुप्पट, चौपट गतीने नटवतात आणि आवर्तन पुरे झाले की मोठ्या घंटेचा गंभीर नाद उमटतो. भारतीय श्रोत्याला येथे समेची आठवण होईल. पण भेद असा की समेचा भार आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर असतो, तर जावातील संगीतात तो शेवटच्या ठोक्यावर पडतो. ओळखीच्या वाटेने चालता चालता अनोळखी दारापाशी पोहोचावे, तसा हा अनुभव आहे. या मेळात कोणी एकच नायक नसतो. ढोलवादक गतीची दिशा दाखवतो, बाकीचे ऐकत ऐकत वाजवतात. नवशिका आणि मुरलेला उस्ताद एकाच मेळात बसू शकतात, कारण प्रत्येकाच्या कुवतीला साजेसे काम त्या रचनेत ठेवलेले असते.

भारतीय श्रोत्याला जावाविषयी आणखी एक ओढ वाटते. तेथील छायानाट्यात पांडव आहेत, राम आहे, सीता आहे. १९२७ साली रवींद्रनाथ टागोर जावा आणि बाली येथे गेले तेव्हा तेथील नृत्याने तेही भारावून गेले होते. ही ओढ आनंदाची आहे, पण तिच्यात एक धोकाही आहे. ‘हे तर आमचेच’ असे म्हटले की पाहणे थांबते. जावाच्या महाभारतात सेमार नावाचे एक पात्र आहे. भारतातील महाभारतात ते नाही. बेढब शरीराचा, विनोदी बोलणारा हा सेवक पांडवांच्या बाजूने असतो. तो मुळात देव आहे आणि सर्वांहून शहाणाही तोच आहे. राजपुत्र चुकले की तो त्यांना खडसावतो. कथा भारतातून गेली हे खरे. पण राजांच्या कथेत सेवकाला सर्वांत शहाणा ठरवण्याचे काम जावाच्या लोकांनी केले. ‘आमचेच’ म्हणणाऱ्याला सेमार दिसत नाही.

तुरुंगछावणीतील डबे

गामेलान म्हटले की राजवाडा आणि कांस्य डोळ्यांपुढे येते. पण इंडोनेशियाच्या इतिहासात एक गामेलान असे आहे की जे डब्यांपासून तयार झाले. १९२६-२७ साली डच सत्तेविरुद्ध कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. तो चिरडल्यानंतर न्यू गिनीच्या हिवतापाने ग्रासलेल्या जंगलात बोवेन-दिगुल येथे राजकीय कैद्यांसाठी छावणी उघडण्यात आली. १९३५ साली मोहम्मद हत्ता आणि सुतान शहरीर यांनाही तेथे धाडण्यात आले. हे तेच शहरीर, जे पुढे स्वतंत्र इंडोनेशियाचे पहिले पंतप्रधान झाले, समाजवादी पक्षाचे नेते म्हणून ओळखले गेले आणि १९४७ साली दिल्लीच्या आशियाई परिषदेला आले.

या छावणीत पहिल्या तुकड्यांबरोबर आलेला एक कैदी होता पोंचोपांग्रावित. तो सुराकार्ताच्या दरबारातील वादक. दरबारी वादकाने स्वातंत्र्याच्या चळवळीत पडावे, हीच मुळात लक्षणीय गोष्ट. कांस्य नाही, ओतारी नाही, भट्टी नाही, अशा ठिकाणी त्याने १९२७ साली जेवणाचे डबे, भांडी, लाकूड असे हाताला लागेल ते सामान घेऊन संपूर्ण गामेलान उभे केले. ते सुरात होते. शरीर कोंडता येते, पण माणसांनी एकमेकांचे ऐकून काही एक निर्माण करण्याची रीत कोंडता येत नाही, हे त्याने डचांना दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य पुढे सरकू लागले तेव्हा, १९४३ साली, डचांनी या कैद्यांना ऑस्ट्रेलियात हलवले आणि त्यांच्याबरोबर ते गामेलानही गेले. आजही ते ऑस्ट्रेलियात जतन केलेले आहे. ते घडवणारा वादक मात्र १९६५ नंतरच्या धरपकडीत, स्वतंत्र इंडोनेशियाच्या तुरुंगात, मरण पावला. राष्ट्र स्वतंत्र झाले म्हणून कलावंत सुरक्षित होतोच असे नाही, हा त्या कथेचा कटू उत्तरार्ध आहे.

तेलाचे पिंप

टाकाऊ पत्र्यातून सूर काढण्याची हीच किमया पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर, एका संपूर्ण समाजाने करून दाखवली. तेथील स्टीलपॅन हे वाद्य आज जगभर वाजते. त्याचा मऊ, पाण्यावर तरंगणारा नाद ऐकला की समुद्रकिनारा आणि सुट्टीचे दिवस मनात येतात. पर्यटनाच्या जाहिरातींनी ते चित्र पक्के केले आहे. पण या नादाचा जन्म सुट्टीत झालेला नाही.

त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. मळ्याला आग लागली की रात्री-अपरात्री मशाली पेटवून, चाबकाच्या धाकाने त्यांना आग विझवण्यास व ऊस तोडण्यास हाकलले जाई. १८३८ साली संपूर्ण मुक्ती मिळाल्यावर त्याच लोकांनी त्या छळाचे रूपांतर उत्सवात केले. मशाली घेऊन, ढोल बडवत, काठ्यांचे खेळ करत ते रस्त्यावर उतरू लागले. या मिरवणुकीला ‘कान्बुले’ म्हणत, म्हणजे जळता ऊस. १८८१ साली पोलिसांनी ती अडवली तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर मोठी झुंज झाली. त्यानंतर तीन वर्षांत सरकारने मशालींवर आणि ढोलवादनावर कायद्याने बंधने घातली.

या कथेत भारतीयही आहेत. १८४५ पासून कराराने बांधलेले भारतीय मजूर त्रिनिदादला नेले जात होते. त्यांचा मोहरमचा ताबुतांचा सण तेथे ‘होसे’ म्हणून ओळखला जाई आणि त्यात हिंदू-मुसलमान दोघेही सामील होत. आफ्रिकी वंशाचे लोकही त्यात उतरत. १८८४ च्या ऑक्टोबरात सान फेर्नांदो येथे बंदी झुगारून निघालेल्या या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि अनेक मजूर मारले गेले. त्या मिरवणुकांत वाजणारे वाद्य होते ताशा. त्रिनिदादमध्ये ते आजही ‘तासा’ या नावाने, आगीवर शेकून, कडक करून वाजवले जाते. महाराष्ट्रातील मिरवणुकीत ताशा ऐकणाऱ्याला त्याचा हा समुद्रापलीकडचा भाऊबंद माहीत असावयास हवा.

आफ्रिकी वस्त्यांतील लोकांच्या हातून ढोल गेले, तरी ताल गेला नाही. त्यांनी बांबूचे लहानमोठे तुकडे कापले आणि ते जमिनीवर आपटून व एकमेकांवर ठोकून तालाचे तेच जाळे विणले. या ‘तांबू बांबू’वर दोन पिढ्या गेल्या. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बांबूच्या जोडीला बिस्किटांचे डबे, कचरापेट्यांची झाकणे, मोटारींचे मोडके भाग आले. पत्र्याला ठोकताना पडणाऱ्या पोच्यांमधून वेगवेगळे स्वर निघतात, हे कोणाच्या तरी लक्षात आले. स्पेन्सरी घराण्यातील वा संगीतशाळेतील हे लोक नव्हते. बहुतेक गरीब वस्तीतील बेकार पोरे होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रस्त्यावरचा कार्निव्हल बंद होता. पण १९४५ साली युद्धसमाप्तीच्या आनंदात हे पत्र्याचे ताफे रस्त्यावर आले. पुढे ५५ गॅलनचे तेलाचे रिकामे पिंप हाती लागले. पिंपाचा तळ घणाने खोलगट ठोकायचा, त्यावर स्वरांच्या जागा आखून घ्यायच्या, आगीवर तापवायचे आणि मग बारीक ठोके देत एकेक स्वर लावायचा, असे हे शास्त्र विन्स्टन ‘स्प्री’ सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स यांच्यासारख्या तरुणांनी घडवले.

तेलाचे पिंपच का? कारण त्रिनिदाद हे तेलाचे बेट होते. जमिनीखालचे तेल परदेशी कंपन्या नेत होत्या आणि बेटावर उरत होती रिकामी पिंपे. याच तेलक्षेत्रात १९ जून १९३७ रोजी उराया बटलर यांच्या नेतृत्वाखाली ऐतिहासिक संप झाला. त्यातून जन्मलेल्या तेल कामगार संघटनेचे पहिले अध्यक्ष एड्रियन कोला रिएन्झी होते. या परकीय वाटणाऱ्या नावामागे कृष्ण देवनारायण हा भारतीय वंशाचा माणूस होता. आफ्रिकी आणि भारतीय मजुरांनी एकत्र यावे यासाठी तो झटला. ज्यांचे तेल गेले त्यांनीच रिकाम्या पिंपातून सूर काढला, हे वाक्य केवळ अलंकारिक नाही. तो त्या बेटाचा आर्थिक इतिहास आहे.

प्रतिष्ठित समाजाने या वादकांना प्रथम गुंड ठरवले. ताफ्यांमध्ये मारामाऱ्या होत हे खरे; पोलीस खटले भरत, वाद्ये जप्त करत, हेही खरे. मग १९५१ साली लोकवर्गणी काढून निवडक वादकांचा एक ताफा लंडनला ब्रिटन महोत्सवासाठी पाठवण्यात आला. गंजक्या पिंपांकडे पाहून नाके मुरडणारे लंडनकर ऐकल्यावर थक्क झाले. साहेबाने वाखाणल्यावर घरच्या प्रतिष्ठितांनाही त्या वाद्याची थोरवी पटली. पारतंत्र्यात वाढलेल्या समाजांचा हा अनुभव भारतीयांना नवा नाही. १९६२ साली देश स्वतंत्र झाला, १९६३ पासून ‘पॅनोरामा’ ही वार्षिक स्पर्धा सुरू झाली, १९९२ साली स्टीलपॅन राष्ट्रीय वाद्य म्हणून घोषित झाले आणि २०२३ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला.

पण मधल्या काळात आणखी एक घटना घडली. २००१ साली अमेरिकेत, पाण्याच्या दाबाने यंत्रावर हे वाद्य घडवण्याच्या पद्धतीचे पेटंट दोन अमेरिकनांना मिळाले. त्रिनिदादमध्ये संताप उसळला. पेटंट वाद्याचे नसून पद्धतीचे आहे, असा कायदेशीर खुलासा करता येतो आणि तो बरोबरही आहे. तरीही मूळ प्रश्न उरतोच. घणाचे ठोके देत ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे हे शास्त्र घडवले त्यांच्याकडे कोणताही कागद नव्हता. नंतर आलेल्याकडे तो होता. मालमत्तेच्या कायद्याला श्रम दिसत नाहीत, कागद दिसतो.

दहा शिलिंगांचा सिंह

हा कागद काय करू शकतो याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. १९१३ च्या जमीन कायद्याने तेथील बहुसंख्य आफ्रिकी लोकांना देशाच्या जेमतेम सात टक्के जमिनीत कोंडले. जमीन गेल्यावर उरले काय? खाणी, कारखाने आणि गोऱ्यांची घरे येथील मजुरी. झुलू तरुण जोहान्सबर्गला आले, बायकापोरांना गावी ठेवून पुरुषांच्या वसतिगृहांत राहू लागले. तेथे रात्री पुरुषांचे गायनमेळे जमत व त्यांच्या स्पर्धा होत. वाद्य नाही, केवळ कंठ आणि पावले. वरचा एक आवाज पुढे धावतो आणि खालचे दाट आवाज त्याला उचलून धरतात. याच परंपरेतून पुढे ‘इसिकाथामिया’ ही शैली रूढ झाली. तिच्यातील नृत्य अतिशय हलक्या पावलांचे असते आणि त्या नावातही चोरपावलाने चालण्याचा अर्थ आहे. ज्यांना शहरात राहण्याचाच हक्क नव्हता त्यांच्या नृत्यात पाऊल जपून पडावे, यात नवल ते काय? खाणकामगारांनी रबरी बुटांवर थापा मारून उभे केलेले नृत्यही याच जीवनातून आलेले आहे.

अशाच एका मेळ्याचा प्रमुख होता सॉलोमन लिंडा. १९३९ साली जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात त्याने ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, हे गाणे गायले आणि तिसऱ्या मुद्रणाच्या वेळी ऐन वेळी सुचलेली एक धून वरच्या आवाजात घेतली. गाण्याचे हक्क दहा शिलिंगांना गेले, असे सांगितले जाते. लिंडा त्याच कंपनीत तबकड्यांच्या बांधणीच्या कामावर होता.

लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांच्यामार्फत ती तबकडी अमेरिकेत पीट सीगर यांच्या हाती आली. सीगर हे कामगार चळवळीचे सच्चे मित्र. परंतु त्यांनाही ते आफ्रिकेतील जुने पारंपरिक गाणे वाटले. १९५० च्या दशकारंभी त्यांच्या ‘वीव्हर्स’ या गायकवृंदाने ते ‘विमोवे’ या नावाने लोकप्रिय केले. खरा कर्ता कळल्यावर सीगर यांनी लिंडाला हजार डॉलर पाठवले. १९६१ साली त्याच धुनेवर नवे इंग्रजी शब्द बसवलेले गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. १९९४ साली ते डिस्नेच्या ‘लायन किंग’ चित्रपटात आले. जगाच्या पाठीवर कोट्यवधी मुलांना ती धून पाठ आहे. लिंडा १९६२ साली दारिद्र्यात मरण पावला. २००४ साली त्याच्या मुलींनी न्यायालयात दावा लावला. त्याला आधार मिळाला तो ब्रिटिश साम्राज्याच्या १९११ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील एका जुन्या तरतुदीचा. लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी विकलेले हक्क वारसांकडे परत येतात, अशी ती तरतूद होती. २००६ साली तडजोड झाली.

‘पारंपरिक’ म्हणजे बेवारस नव्हे

या उदाहरणातील खरा धडा लोभी व्यापाऱ्यांविषयी नाही. तो भल्या माणसांविषयी आहे. सीगर यांनी फसवणूक केली नाही. त्यांनी ‘पारंपरिक’ या शब्दावर विश्वास ठेवला. पण हा शब्द युरोपीय संगीताला लागतो तेव्हा आदराचा ठरतो आणि वसाहतींतील संगीताला लागतो तेव्हा ‘मालक कोणी नाही’ एवढाच अर्थ उरतो. इंग्लंडमध्ये गावची सामायिक गायराने कुंपणे घालून बळकावली गेली, तेव्हाही हाच युक्तिवाद होता. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, आणि जे कोणाचेच नाही ते पहिल्या कुंपण घालणाऱ्याचे. परंपरा ही गायरानासारखी असते. ती सर्वांची असते, म्हणजे तिला राखणारी माणसे असतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. प्रत्येक सुराभोवती मालकीचे कुंपण घातले तर संगीत जगेल कसे? संगीत तर देवघेवीवरच वाढले आहे. देबुसीने जावाकडून घेतले, त्रिनिदादच्या ताफ्यांनी कार्निव्हलमध्ये युरोपीय अभिजात रचना पिंपांवर वाजवल्या. त्या वाजवण्याने बाख किंवा बीथोव्हेन यांचे काही गेले का? नाही. पण कारण कळले पाहिजे. बीथोव्हेनचे नाव कोणी पुसले नाही आणि त्याच्या वारसांना कोणी मळ्यावर राबवले नाही. देवघेव बरोबरीत होते तेव्हा ती उसनवारी असते. एका बाजूला बेडी असते तेव्हा ती लूट होते. म्हणून मागणी कुंपणाची नाही. मागणी नावाची, वाट्याची आणि बरोबरीची आहे.

जागतिक पातळीवर याची थोडीफार दखल घेतली गेली आहे. युनेस्कोने २००३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा करार केला आणि २०२१ साली गामेलानचा त्या यादीत समावेश झाला. यादीत नाव येणे हा सन्मान आहे. वादकाची मजुरी त्याने वाढतेच असे नाही. मे २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत जैविक संपदा आणि तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञान यांविषयी करार झाला. लोकसंगीत व लोकनृत्य यांचा प्रश्न त्या कराराबाहेरच राहिला.

रसिकाचे काम

मग सामान्य रसिकाने, विशेषतः समाजवादी विचाराच्या रसिकाने, काय करावयाचे? पहिली गोष्ट म्हणजे आनंद घ्यावा, मनसोक्त घ्यावा. अपराधी भावनेने ऐकलेले संगीत कोणाच्याच उपयोगाचे नाही. परंतु पार्श्वभूमीला लावून न ठेवता ते पूर्ण ऐकावे, पुन्हा ऐकावे. गामेलानची घंटा आवर्तनाच्या शेवटी पडते हे ओळखू येईपर्यंत ऐकावे. दुसरी गोष्ट, वाजवणाऱ्याचे नाव विचारावे. ‘आफ्रिकन संगीत’ असे नाव कोणत्याही माणसाचे नसते.

तिसरी गोष्ट घराजवळची आहे. परिषदेच्या उद्घाटनाला लोककलावंतांना बोलवावयाचे, दोन तास ताटकळत ठेवावयाचे, वक्त्यांची भाषणे लांबली म्हणून त्यांचा कार्यक्रम दहा मिनिटांत उरकावयाचा आणि शाल-श्रीफळ देऊन बोळवण करावयाची, हा प्रकार पुरोगामी संस्थांतही सर्रास चालतो. किमान वेतनाचा ठराव मांडणाऱ्या व्यासपीठावर ढोलकीवाल्याचे मानधन ठरलेले नसते. पॅरिसच्या प्रदर्शनाला नावे ठेवताना हे विसरून चालणार नाही.

चौथी गोष्ट अधिक अवघड आहे. परंपरा टिकावी ही रसिकाची इच्छा असते. पण कलावंताला ती सोडण्याचाही हक्क आहे. महाराष्ट्रात हलगी वाजवणे हे जातीने लादलेले गावकीचे काम होते आणि आंबेडकरी चळवळीत अनेकांनी ते वाद्य खाली ठेवले. तो संगीताचा द्वेष नव्हता; तो माणूसपणाचा दावा होता. आज त्यांतील काही तरुण तीच हलगी स्वेच्छेने, मोर्चात आणि मंचावर वाजवतात, तेव्हा तिचा नाद निराळा असतो. सक्तीचा ताल आणि स्वेच्छेचा ताल कानाला सारखे वाटले तरी समाजाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

मित्रहो, शेवटी पुन्हा दिगुलच्या कैद्यांकडे वळणे योग्य होईल. युद्ध संपल्यावर १९४५ साली डचांनी इंडोनेशिया पुन्हा ताब्यात घेण्याची तयारी केली आणि शस्त्रे व सामान भरलेली जहाजे ऑस्ट्रेलियाच्या बंदरांतून निघावयाची होती. तेथे मुक्त झालेल्या इंडोनेशियन निर्वासितांनी आणि खलाशांनी हाक दिली. ऑस्ट्रेलियन गोदी कामगारांनी जहाजे भरण्यास नकार दिला, आणि डच जहाजांवरील भारतीय खलाशीही कामावरून उतरले. योरिस इवेन्स यांच्या १९४६ च्या ‘इंडोनेशिया कॉलिंग’ या माहितीपटात हा लढा चित्रित झाला आहे. त्या खलाशांना स्लेन्द्रो आणि पेलॉग यांतील फरक सांगता आला नसता. पण जे लोक गामेलान वाजवतात ते स्वतंत्र असले पाहिजेत, हे त्यांना पगारावर पाणी सोडण्याइतके स्पष्ट कळले होते. देबुसीला कान होते, या खलाशांना बाहू होते. दूरच्या सुरांचे ऋण फेडावयाचे तर दोन्ही लागतात.